मांडवाच्या कापडातली अरुंधती

सवतीच्या नावानं वावर काऊन करून राह्यली, असं कोनी विचारायच्या आत सांगते: माह्यी मर्जी. मी मनकर्णाबाई कारभारी सुरडकर, वय सहासष्ट, डोकं जाग्यावर. शब्द माह्ये, हात थरथरते म्हनून अक्षर शेजारच्या रहेमतुल्लाभाई गादीवाल्याचं. कोनी दाबून लिहून घेतलं नाही. मले दाबनारा दोन वर्सापूर्वी कपाशी फवारता फवारता गेला. बीटी कपाशीले फवारा लागत नाही म्हनून सांगनारा बियानंवाला मयतीलेही आला नाही.

एक. खालचं तीन एकर अन् राहतं घर कोकिळेले. तिचं लगन माह्याच्या अकरा वर्सानंतरचं, म्हनून कायद्यात ते लगनच नाही. वारसाच्या कागदावर मी एकटी बसली, ती तलाठ्याच्या ओट्यावर. मी मेली की पुतन्या दीपक तिले बाहेर काढते. तेरवीलेच म्हनला, "मोठीआई, हे कोकिळा आपली लागते कोन?"

दोन. दीपकले बैलगाडी. तेवढंच. फवाऱ्याचा पंप कोनालेच नाही, पुरून टाका.

तीन. हे कागदात बसत नसलं तरी लिहा. माह्यं लगन भर दुपारी. भटजीनं मांडवाच्या कापडाकडं बोट केलं, "अरुंधती दिसली?" सासूनं मागून कोचलं, "हाव म्हन." म्हनलं. पोरासाठी कोकिळेले आनली, तिलेही तेच कापड दाखवलं, तिनंही हाव म्हनलं. पोर तिलेही झालं नाही. तरी खोट आमच्यातच. दोन खेपा मी तिले यष्टीत बसवून माहेरी धाडली. भावानं दार उघडलं नाही. दिवेलागनीले चुलीपाशी हजर! मले तर जायले माहेरही उरलं नव्हतं.

एका दिवाळीनंतर पहाटे दोघी कपाशीले पानी देत होतो. तिनं माह्यी हनुवटी धरून मान वर केली. "अक्का, थे पाहा. मोठीच्या बाजूले बारीक. थे अरुंधती." दिसली, चाळीस वर्सानं.

"त्यात कोनती तू, कोनती मी?" तिनं विचारलं.

"मोठी मी. तू असली काय, नसली काय."

"मंग एकटीच दे पानी," म्हने, अन् बांधावर जाऊन बसली.

शाळेतल्या सिंधूताई सांगतात, त्या दोघी चांदन्या एकमेकीच्या ओढीत सापडल्या आहेत, एकीलेही सुटता येत नाही. म्हटलं, बाई, हे पाहायले मले दुर्बीन नाही लागत.

चार. माह्या मागं कोकिळेनं वावर विकावं, घराले कुलूप लावावं, वाटीन तिकडं जावं. माह्या फोटोपुढं दिवा लावायले थांबू नये. एकीनं तरी सुटावं.

साक्षीदार: रहेमतुल्ला गादीवाले, सिंधूताई मास्तरीन. दोघांसमोर मी सही केली, अंगठा नाही.
अमडापूर, ११ एप्रिल २०१९.

सहीनंतर: कोकिळेच्या नावापुढं 'नाते' म्हनून जागा होती. रहेमतुल्लाभाईनं 'सवत' लिहिलं, मी खोडलं. "मंग काय लिहू, भाभी?" म्हने.

कोरी ठेवा. आता कोनी काही विचारू नये. सांगत नाही.