मामा, मी सुरतेतच आहे

तीर्थरूप लोटूमामांस, सुरतेच्या डिंडोलीहून भाचा लखन याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (असं मी म्हणतो. पेपरवाले म्हणत नाहीत.)

झालं असं, की शेजारचा प्रवीण सासरच्या हळदीला अमळनेरला निघाला. आपल्या खान्देशी माणसाला पोचवायला जायचं म्हणजे नुसता हात हलवून भागत नाही. गाडी थांबते न थांबते तोच डब्यात घुसून रुमाल टाकावा लागतो. म्हणून उधना स्टेशनात मी खिडकीतून आत शिरलो (या वयात, हो). अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळत असताना कोणीतरी फोटो काढला. सकाळी पहिल्या पानावर मी, आणि वर मथळा, परप्रांतीयांचे लोंढे घाबरून सुरतेबाहेर. (कशाला घाबरून, ते आतल्या पानावरही नव्हतं.) लोंढा म्हणजे कोण, तर मी, माझा रुमाल आणि प्रवीणच्या सासूसाठी घेतलेला घारीच्या मिठाईचा डबा.

आधी सगळे हसले. मग आमच्या कापड कारखान्याच्या मगनशेठनी माझे लूम दुसऱ्याला दिले. मी समोर उभा, तर ते माझ्या आरपार बघत सांगतात, लखनभाई तर गावी गेला. (माणूस भला, डोळे पुसत होता.) मी पेपरच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, खुलासा छापू, पण ज्याचा फोटो आहे त्यानं स्वतः यायला हवं. मी फोटोशेजारी तोंड धरलं. बाईंनी दोन्ही नीट न्याहाळली आणि फोटोवर विश्वास ठेवला.

काल घरी सुषमानं माझं ताटच वाढलं नाही. मी चिडलो, ओरडलो. ती शांतपणे आमच्या चेतनला म्हणाली, "पप्पा आता गावी पोचले असतील." मामा, तेव्हापासून मला फार भीती वाटते आहे.

तुमचा,
लखन

ता. क. तोच फोटो तुमच्याकडच्या पेपरात 'गावी परतलेले' म्हणून छापून आलाय म्हणे. आज सकाळी गावी आईला फोन केला. "मना लखन घर उना," ती म्हणाली (लखन घरी आला म्हणे!), आणि तिच्या मागून कोणीतरी हसलं. ते हसणं माझं होतं. तेव्हा मिळेल त्या गाडीनं इकडे या, मला हात लावून बघा आणि मी इथेच आहे हे चार लोकांना सांगा.

पुन्हा ता. क. नको, येऊ नका. आईलाही काही बोलू नका. इतकी वर्षं ती मला ये, ये म्हणत होती; एवढी खुश ती कधीच वाटली नव्हती. फक्त तो पोटभर जेवतो का, तेवढं बघून कळवा. मला कालपासून भूकच लागत नाही.