आत्याच्या खुर्चीचा भाव

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरोखर घातला. गाद्यांच्या दुकानात साष्टांग नमस्कार घालायला काय कष्ट पडतात, असं तू म्हणशील. पण मी तो नुसत्या फरशीवर घातला, यावरून पुढच्या मजकुराचा अंदाज घे.) तुझे गुडघे कसे आहेत? अजून उजवाच जास्त दुखतो, की आता दोघांनी वाटून घेतलंय? ताई तुला जिने चढू देत नाही आणि जावई तुला रोज बागेत नेतात हे वाचून बरं वाटलं. मात्र बागेत बाकावर बसणाऱ्या अनोळखी लोकांना पाठीच्या उशा कशा असाव्यात हे तू समजावून सांगतेस, हे वाचून जास्त बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुझी सून मजेत आहे, फक्त माझ्याशी, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याशी, बोलत नाही. दुकान मजेत आहे. खुर्चीही मजेत आहे.

तू पत्राच्या पहिल्या ओळीत खुर्चीची चौकशी केलीस, मधे केलीस आणि शेवटी आशीर्वादाच्या जागीही खुर्चीच विचारलीस. मला कळतं गं. जाताना तू बजावलं होतंस की ही खुर्ची गल्ल्यामागे आहे तोवर मी दुकानातच आहे असं समज, आणि ती हलली की मीही कायमची हलले असं समज. त्यातला शब्दही मी विसरलेलो नाही. तर खुर्ची ठणठणीत आहे. तिचा डावा हात तसाच किंचित सैल आहे, बसलं की ती तशीच कुरकुरते, आणि तुझी ती निळी उशीही तिच्यावरच आहे. खुर्ची कशी आहे एवढंच तू विचारलंस. कुठे आहे हे विचारलं नव्हतंस, त्यामुळे आजवरच्या पत्रांत मी खोटं काही लिहिलेलं नाही, हे कृपा करून आधी ध्यानात घे. आता सगळं क्रमाने सांगतो. पाणी पी आणि बसून वाच. (बसायला काहीतरी भक्कम घे.)

इकडे पानगळ सुरू झाली. दरवर्षी होते, त्यात नवल नाही, पण यंदा पानांबरोबर गिऱ्हाइकंही गळाली. मोठ्या रस्त्यावर ते नवं चारमजली दुकान उघडलंय ना, सरकत्या जिन्याचं, तिकडे सगळी धावतात. घेत काही नाहीत, नुसती जिन्यावरून वर जातात आणि खाली येतात. आपल्या ओळीतल्या दुकानदारांची मग बेकरीत बैठक झाली. (बेकरीवाली बाई आपल्या मंडळाची अध्यक्ष का, तर बिस्किटं तिची असतात.) गिऱ्हाईक परत कसं आणावं यावर खूप चर्चा झाली, म्हणजे बिस्किटं संपेपर्यंत झाली, आणि मग सलूनवाल्याने डोकं वर काढलं. त्याचं नाटक तुला ठाऊक आहेच. गेली कित्येक वर्षं तो ते लिहितोय आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला वाचून दाखवतोय. अर्धे केस कापलेला माणूस उठून जाणार कुठे? तर त्याचं म्हणणं असं की लॉन्ड्रीमागच्या हॉलमध्ये हे नाटक फुकट करू, आणि रंगमंचावरची एकूण एक वस्तू आपल्या दुकानांतली ठेवू, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. दिवा दिवेवाल्याचा, कपबशा भांडीवालीच्या, पडदे आपले. लोक नाटक बघता बघता माल बघतील, आणि पडदा पडला की विक्री सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या वेळी हात तोडले असते तरी चाललं असतं.

नाटकाचं नाव ‘रिकामी खुर्ची’. पहिल्या अंकाच्या शेवटी बाप खुर्चीत बसल्या बसल्या जातो आणि दुसरा अंकभर तसाच खुर्चीत राहतो, कारण घर कोणाचं यावर भांडायच्या नादात त्याला उचलायला कोणाला सवड होत नाही. (मी विचारलं की मग खुर्ची रिकामी कधी होते? सलूनवाला म्हणाला, ते प्रेक्षकांच्या मनात होते. मी गप्प बसलो; त्याच्या हातात वस्तरा होता.) बापाचं काम मला मिळालं. मला पाठांतर होत नाही आणि निवांत पडून राहणं चांगलं जमतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तुझ्या सुनेला मुलीचं काम मिळालं. नवऱ्यासमोर बसून ‘बाबा, बाबा’ करत रडायचं म्हणजे काय सोपं आहे का? पण तिने ते असं उचललं की तालमीत बेकरीवाली पदराने डोळे पुसायची आणि मी मेलेला असूनही मला हुंदका यायचा.

आता खुर्ची. तालमीला आम्ही सलूनमधलीच खुर्ची वापरत होतो, म्हणजे माझी नियत साफ होती हे बघ. पण ती खुर्ची खालच्या दांड्याने वर-खाली होते. शेवटच्या तालमीत तुझी सून माझ्या पायांवर कोसळली, तिचं कोपर दांड्याला लागलं, आणि मी मेलेल्या अवस्थेत सावकाश वर वर गेलो. मग तिने घाबरून दांडा पुन्हा दाबला, तर सर्रकन खाली आलो. दिवेवाला हसून हसून शिडीवरून पडायचा राहिला. सलूनवाल्याला मात्र रडू फुटलं. इतक्या वर्षांचं नाटक, आणि लोक असे हसणार! मग त्याने माझे हात धरले आणि म्हणाला की साधी, लाकडी, जुनी, न हलणारी खुर्ची या सगळ्या ओळीत एकच आहे. मी नाही म्हणालो. तुझी सूनही नाही म्हणाली, तिने तर तुझे शब्द जसेच्या तसे ऐकवले. पण तो असा काही केविलवाणा उभा होता की मला राहवलं नाही. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, किमतीची चिठ्ठी लावायची नाही, मी स्वतः तिच्यावर बसून राहणार, माझ्याखालून कोण नेणार? असं म्हणून मी ती उचलली.

प्रयोगाला हॉल गच्च भरला, उभं राहायलाही जागा नव्हती. पहिल्या रांगेत, अगदी माझ्या गुडघ्यांसमोर, कोपऱ्यावरचा नवा दातांचा डॉक्टर बसला होता, दवाखान्यातून तसाच पांढऱ्या डगल्यात आलेला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. सज्जन आहे, पण हळू आवाजात बोलायची त्याला सवय आहे, आणि त्याच्या बाहेरच्या खोलीला एका खुर्चीची गरज होती. पहिला अंक झकास झाला. मी असा काही गेलो की मागे कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. दुसऱ्या अंकात वरून सुकी पानं पडायची होती. (घरात पानं का पडतात, विचारू नकोस. मी विचारलं होतं.) लॉन्ड्रीवाल्याने ती चादरीत भरून वर टांगली होती, तर ती सगळी एकदम माझ्या तोंडावर आली. एक पान नाकात गेलं. तरी मी हललो नाही आत्या, मेलो तो मेलोच. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

आता यापुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. लहानपणापासून तू मला काय शिकवलंस? गिऱ्हाइकाने भाव विचारला की भाव सांगायचा. तोंडात घास असो, अंगात ताप असो, आधी भाव. आणि एकदा तोंडातून गेलेला भाव ब्रह्मदेव आला तरी फिरवायचा नाही. ते माझ्या हाडात मुरलंय. झोपेत कोणी विचारलं तर मी झोपेत सांगतो, तुझी सून साक्षीला आहे. (माझ्या लग्नात, फोटो काढताना, मागच्या पडद्याचा भाव मी हसरं तोंड न मोडता सांगितला होता. आठवतं? तूच कौतुक केलं होतंस.) तर इकडे तुझी सून माझे पाय धरून टाहो फोडत होती की बाबा, एकदा, फक्त एकदा माझ्याशी बोला! हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या शांततेत दातांचा डॉक्टर पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, “ही केवढ्याला?”

आणि मी मेलेला बाप, डोळे मिटलेले, नाकात पान, खणखणीत आवाजात भाव बोललो. वर “उशी धरून,” असंही म्हणालो.

भाव तरी खुर्चीचा असावा की नाही? पण खुर्चीला भावच नव्हता, ती विकायची नव्हती. मग जिभेवर जो तयार होता तो गेला, दोन अभ्र्यांचा. साध्या अभ्र्यांचा, झालरवाल्या नव्हे.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग जे हसू फुटलं ते काही थांबेना. त्यातून तो डॉक्टर पडला सरळमार्गी माणूस. पाकीट हातात घेऊन तो पायऱ्या चढून वर आला आणि मी उठायची वाट बघत माझ्या शेजारी नम्रपणे उभा राहिला. मी कसा उठणार? मेलेलो होतो ना! उरलेला अंकभर तो पांढऱ्या डगल्यात तसाच उभा, आणि मागच्या रांगांना वाटलं की हा यमदूत. नाटक संपल्यावर दोघांनी त्याचं काम फार संयत झालं म्हणून त्याचं अभिनंदन केलं.

पडदा पडल्यावर मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. खुर्ची आत्याची आहे, विकायची नाही, जीभ घसरली, सगळं सांगितलं. तो बिचारा ऐकतही होता. पण बेकरीवाली मधे पडली. तिला तू तो पिवळा पडदा परत घ्यायला नकार दिला होतास ना? तेव्हापासून ती पिवळ्या उजेडात जेवते आहे, आणि ते तिच्या मनात आहे. ती म्हणाली, आत्याबाईंचा नियम तो नियम, भाव बोलला म्हणजे माल गेला. लॉन्ड्रीवालाही तेच म्हणाला, त्याची ती आखूड गादी आठवून. शेवटी सगळ्यांच्या देखत डॉक्टर तुझी खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन रस्त्याने गेला. त्याचं नुसतं पांढरं अंग दिसत होतं आणि वर चार पाय.

त्या दिवसापासून गल्ल्यामागे मोकळी जागा आहे. मी तिथे दुसरी खुर्ची ठेवून पाहिली, उचलून टाकली. लोक येतात, त्या जागेकडे बघतात आणि आवाज उतरवून विचारतात की आत्याबाई आता येणार नाहीत का? ज्या गिऱ्हाइकांना तू आयुष्यभर रागावलीस तीच जास्त विचारतात. मी सांगतो की येणार, गुडघे बरे झाले की येणार. पण खरं सांगू का आत्या, रात्री कुलूप लावताना त्या जागेकडे माझ्याने बघवत नाही. तू हललीस असंच वाटतं. मला ते अजिबात आवडलेलं नाही.

असो. तिकडच्या मोठ्यांना नमस्कार, ताईच्या पोरांना खाऊ, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, माझ्यावर राग काढायला तरी ते लवकर वाकोत आणि चालोत, अशी विनंती.

तुझा,
जिभेला हाड नसलेला भाचा

ता. क. पाकीट डकवणार तोच दातांचा डॉक्टर खुर्ची डोक्यावर घेऊन परत आला. म्हणतो, ही ठेवल्यापासून धंदा बसला. दुखऱ्या दाताचा माणूस येतो, या खुर्चीत टेकतो, उशीला पाठ लावतो, दोन जांभया देतो, आणि आता बरं वाटतंय म्हणून घरी जातो. आत कोणी येतच नाही. पैसे नकोत, पण खुर्ची परत घ्या. माझा हात पुढे झाला होता, एवढ्यात गल्ल्यावरची पाटी दिसली, तुझ्याच अक्षरातली: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आता काय करू? ती पाटी मोडायचा अधिकार माझा नाही. डॉक्टर न्यायला तयार नाही, मला घेता येत नाही. त्यामुळे खुर्ची सध्या दाराबाहेर फुटपाथवर आहे, तिच्यावर पानं पडतात, आणि मी आणि डॉक्टर आळीपाळीने ती झटकतो. पाऊस आला तर काय, ते तूच ठरव. पण इथे येऊन ठरव.

आणखी एक ता. क. तुझी सून आत्ताच माझ्याशी बोलली. त्या दिवसापासून डॉक्टरकडे जाऊन, खुर्चीत बसून, बरं वाटतंय म्हणून उठून आलेली सगळी माणसं तिनेच पाठवली होती. आपली अख्खी ओळ तिने आळीपाळीने बसवली. सगळ्यात जास्त वेळा बेकरीवाली गेली, दाढ फार ठणकते म्हणून. तिची तर कवळी आहे, आत्या! हे सांगून झाल्यावर सुनेने मला विचारलं, “आत्यांना ‘ये’ म्हणून लिहिलंत, की नुसतं पाल्हाळच?” तर आता लिहितो. ये.

शेवटचं. हे पेन्सिलीने लिहितोय, अक्षर पुसट असेल. आत्ताच एक बाई आल्या, बाहेरच्या खुर्चीकडे मान वळवून त्यांनी भाव विचारला. तोंड तर उघडलंच, शिकवण तुझी. पण तेवढ्यात सावरलो आणि हातातल्या पेनाचा भाव सांगितला. त्या पेन घेऊन गेल्या. ही पेन्सिल बोटभरच उरली आहे, आणि दारात आणखी एक गिऱ्हाईक खुर्चीकडे बघत उभं आहे. लवकर नि