मारिसेलचा कामाचा नंबर

प्रिय खुमेंद्र,

आज तुझ्या बायकोला, मारिसेलला, घेऊन कामठ्याहून गोंदियाला गेलो होतो. एक नर्सिंग होम तिला नोकरी द्यायला तयार आहे, पण ती परदेशी. तिचा पीएफ नंबर निघायला आधी कामाची परवानगी हवी, म्हणून परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीत गेलो. मी जेठ, थोरला दीर, म्हणून बाकाच्या एका टोकाला बसलो आणि ती दुसऱ्या. फिलिपिन्सच्या मुलीलाही आईने ही रीत शिकवली आहे.

बाबूने अर्ज पाहिला. "पती की साइन कहाँ है? उनको भेजिए."

मी काही बोलण्याआधी तीच बोलली, मस्कतमध्ये तू शिकवलेल्या आपल्या बोलीत. "थो नाही येत जी. थो मरला. म्हणून तं मी काम पाहून राहिली."

बाबू आधी तिच्या बोलीला हसला, मग त्याने पेन खाली ठेवलं. तिचा व्हिसा तुझी बायको म्हणून आहे. तू गेल्याची नोंद झाली की तिला परत जावं लागेल. खिडकीबाहेर पाहत त्याने मला विचारलं, "मैंने ठीक से सुना नहीं. क्या बोली ये?"

भला माणूस. तू परगावी आहेस, एवढं मी म्हटलं असतं तर त्याने तिचं बोलणं ऐकलंच नाही असं धरलं असतं. तुझ्या अस्थी मी माझ्या हातांनी वैनगंगेत सोडल्या आहेत. मी अर्जावरच्या तुझ्या नावाकडे पाहत राहिलो.

"मंगलवार को आइए, सोचके," म्हणत त्याने अर्ज परत केला.

एसटीत ती म्हणाली, "जेठजी, तुमी काऊन चूप राहिले?"

खोटं बोललो असतो तर ती राहिली असती. खरं बोललो असतो तर निदान मी मोकळा झालो असतो. माझ्याने दोन्ही झालं नाही.

घरी आलो तर आई तुझा जुना डबा तिच्या नोकरीसाठी घासत बसली होती.

तुझा दादा,
दुर्गाप्रसाद