शमीमखालांची माडी

सावर्डे
११ नोव्हेंबर २०२४

चि. विनीत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू नुसता हो हो करतोस नि लक्ष भलतीकडेच असतं, म्हणून हे कागदावर. मांडीचं हाड जुळायला वेळ लागणार आहे. शिडीवरून पडलेली आर्किटेक्ट म्हणून सासरी माझी मस्त चेष्टा चालली आहे.

आपल्या ऑफिसच्या पाटीवर दोन नावं आहेत, जुनं घर आलं की माझं, नवं आलं की तुझं. शमीमखालांच्या घरात दोन्ही आहे, म्हणून बजावते. मागच्या नव्या खोल्या तुझ्या. तुझी ती भिंतभर काचही होऊ दे, कावळे येऊन आपटतील तेव्हा बघू. पण खाडीकडची माडी माझी. खांब, कठडे, खिडक्या, सगळ्यांवर मी सांध्याच्या आत तेलरंगाने आकडे घातलेत. माडी उतरवायची, किडकं तेवढं बदलायचं आणि आकड्यांप्रमाणे जिथलं तिथे बसवायचं. खाला लग्न होऊन आल्या तेव्हापासून संध्याकाळच्या त्या कठड्याशी बसतात. माडी परत तशीच उभी राहील, असा मी त्यांना शब्द दिलाय, आणि त्यावर त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

वेळेवर जेवत जा मेल्या. माया आहे तशी असू दे.

तुझी,
ताई

रत्नागिरी
२ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माडी उतरवली. पण बातमी चांगली नाही. वाळवीने लाकूड आतून पार पोखरलंय, ठेवण्यासारखं काहीच निघालं नाही. कुवेतला अहमदभाईंशी बोललो. ते म्हणाले, नवं घाला, अम्मीची समजूत मी काढतो. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि त्या पायाने धावत येऊ नकोस.

एक आनंदाची गोष्ट. अंजनवेलच्या बाजूला एका चालू रिसॉर्टच्या विस्ताराचं मोठं काम मिळालंय. निदान दोन वर्षं ऑफिसची काळजी नको. भावजींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
विनीत

सावर्डे
१९ जानेवारी २०२५

चि. विनीत यास,
अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरी खालांना मीच फोन केला. तुझ्यावर विसंबून वाळवीचं मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, तू बघितलंस ना बेटा, मग बस. मी हो म्हटलं. बघितलं कुठे होतं मी?

काल त्यांची नात आयात इथे येऊन गेली. मैत्रिणींबरोबर ती अंजनवेलला गेली होती. तिथल्या रिसॉर्टमध्ये चहा प्यायला बसली, ती स्वतःच्याच कठड्याशी. लहानपणी तिने त्यावर खिळ्याने मासा कोरला होता, तो हाताला लागला. तिने वाकून फोटो काढून आणला. फोटोत सांध्याच्या फटीतून सात दिसतो. लांब शेपटीचा माझा सात, ज्यावरून तू मला चिडवायचास.

कुठे गेली रे वाळवी? परका कोणी घरात शिरला असता, तर त्याला कुठला खांब कुठला, हे कळलं नसतं. ते मी लिहून ठेवलं होतं. घर वाचावं म्हणून लिहिलं आणि तू ते पळवायला वापरलंस. उत्तर दे.

ताई

रत्नागिरी
२४ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं बोललो. पण ऐकून घे. तू अंथरुणावर, हातात एकही नवं काम नाही. रिसॉर्टच्या मालकाला जुनी माडी हवी होती, ती मिळाली तरच काम देणार होता. अहमदभाईंनी विचारलंच नाही की लाकडाचं काय झालं. तिथे ती निदान शंभर माणसं बघतील, इथे बघणार कोण, एकट्या खाला. तुला सांगणारच होतो, धीर झाला नाही.

तिथला सुतार म्हणाला, आकडे असे चोख की एक फळी चुकली नाही. मला तुझा अभिमान वाटला, खरंच सांगतो. राग सोड आणि लवकर ये.

तुझा,
विनीत

सावर्डे
३ फेब्रुवारी २०२५

चि. विनीत यास,

रत्नागिरीला येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही, खालांकडे गेले. काठी टेकत खाडीकडच्या दारात उभी राहिले. वर कठड्याच्या जागी आता तुझे लोखंडी पाइप आहेत, निळे.

मालकाकडे माडी परत मागूया, मी स्वतः जाते, असं मी म्हटलं. खाला नको म्हणाल्या. लोक जिथे चहा पितात तिथून उठवून आणलेल्या कठड्याशी मला बसवायचं नाही, म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बसवलं, चहा दिला, माझ्या पायाची चौकशी केली. निघताना हात पुढे केला. मला वाटलं, आधार देतायत. त्यांनी किल्ली मागितली.

मी दिली. आता तू आपल्या ऑफिसची किल्ली आईकडे ठेव. पाटी मी उतरवून घेईन. अंजनवेलचं काम तुझं तू कर, त्यावर माझं नाव घालू नकोस. माझे आकडे तिथे आहेत तेवढे पुरे.

माया राहील, ती काही माझ्या हातात नाही. भरवशाचं मात्र पुन्हा विचारू नकोस.

ताई