नारळ फोडलेलं इंजन

माय, पोखर्णीच्या वाटेवर एका लिंबाखाली बसून तुला लिहायलोय. सावली चांगली आहे, पण पाय स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून हाताला काम दिलं. तुला अक्षर कळत नव्हतं, आणि तू जाऊनही लय वर्षं झाली. तरी आपल्या सोनपेठच्या पिठाच्या गिरणीचं इंजन आठवलं आणि राहवलं नाही. बाप गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाला इंजन काय झेपणार, विकून टाक. तू पदर खोचलास आणि चाक फिरवलंस. भिंतीपलीकडं ते धडधडायचं, अलीकडं तू भाकरी थापायचीस, पण कान तिकडंच. आवाज जरा बदलला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठायचीस. तेल जायचं बारीक भोक तुंबलं की केरसुणीची काडी मोडायचीस, कपाळाला लावायचीस आणि मग भोकात घालायचीस. मी एकदा तार घेऊन धावत आलो तर चापट बसली, आणि खोललेलं तसंच टाकून मी रुसून निघालो. "तारंनं भोक वाढतंय, मग दुप्पट पितंय ते. आन् तू कुठं निघालास? खोललंस ना? बांधून मग ऊठ." मी बसलो. तेवढ्यात बाजारात अस्वलवाला आल्याचं कळलं. अस्वल म्हातारं होतं, नाकात कडी, आणि पोरं त्याला गुळाचा खडा दाखवून पळत होती. असो, सांगत होतो ते राहिलंच.

दसरा झाल्यावर परभणीत भटकत होतो. एका मोठ्या साहेबाच्या बंगल्याच्या फाटकातून दिसलं, म्हातारा माळी गवत कापायच्या यंत्रापुढं हात जोडून उकिडवा बसलाय. विलायती यंत्र, ढकलत न्यायचं, खाली पाती आणि वर एवढंसं इंजन. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. कुणी अडवायच्या आत शिरायची मला सवयच आहे.

"काय झालंय, मामा?"

"खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तवापासून मुकं हाय."

"नारळ कुठं फोडला?"

त्यानं बोट ठेवलं ते नेमकं ठिणगी पाडायच्या प्लगशेजारी. गोड पाणी प्लगभोवती साचून चिकटलेलं. हवा घ्यायच्या तोंडात कुंकवाचा चिखल, वर अक्षता.

"मामा, पूजा लय मन लावून केलीस की."

"हस, गड्या, हस. सांजच्याला साहेबाचे पाहुणे यायलेत. पूजेनं बिघडलं कळलं तर मला फाटकाबाहेर काढतील. ह्या आवारातल्या खोलीत आमी दोघं म्हातारा-म्हातारी ऱ्हातो. ह्या वयात कुठं जावं?"

मग मी तुझंच सगळं केलं. केरसुणीची काडी मागितली. सगळं खोलून पुसलं, आणि तू पावसाळ्यात करायचीस तसा प्लग मामीच्या चुलीत निखाऱ्याजवळ ठेवला. मामी म्हणाली, "अरं, माझ्या चुलीत हे काय कणीस भाजायलास?" गरम प्लग फडक्यात धरून बसवला आणि दोरी ओढली. इंजन खोकलं. पुन्हा ओढली, आणि असं फडफडलं की मामा गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पडला. मामी पोट धरून हसायलीय, मामा काटे काढायलाय, आणि माझे कान आपल्या गिरणीत.

साहेब बाहेर आले. "क्या बिगड़ा था?"

"कचरा, हुजूर."

ते खूश झाले. गवत कापून झालं तसं बंगल्यातले नोकर सांभाळणाऱ्या जमादाराला म्हणाले, हा पोरगा ठेवून घ्या, यंत्र हाच चालवील, माळी म्हातारा झालाय, त्याला सुट्टी द्या, खोली ह्याला द्या. मामानं ते ऐकलं. दोरीची गुंडाळी करत राहिला.

खोली चांगली होती, माय. शेणानं सारवलेली, दाराशी पाण्याचा हौद. इंजनसुद्धा जवळच, रोज आवाज ऐकायला. पिशवी कुठल्या खुंटीला टांगायची हेही मी बघून ठेवलं. रात्र त्यांच्याच ओसरीवर काढली. सकाळी मामाला बसवून प्लग काढायला, वाळवायला, बसवायला शिकवलं. चार वेळा चुकला, पाचव्यांदा स्वतः दोरी ओढून चालू केलं. मग जमादाराला सांगितलं, मला एका जागी जमत नाही, मामाला आता सगळं येतंय. जमादार म्हणाला, "बेवकूफ, छपराखालची नोकरी सोडायलास?" मामी भाकरी बांधून देताना म्हणाली, "पोराच्या पायाला भिंगरी हाय बघा." मामा नुसता माझा हात धरून उभा. मी हसलो. भटक्या हीच ओळख आहे माझी, कुणाला खोटं वाटत नाही.

हा कागद कुठं टाकायचा ते मला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या कुणापुढं हे बोलायचं नाही. माय, ह्या वेळी मला राहायचं होतं.