तूरडाळीच्या डब्यातली गोळी

टेंभुर्णी, ४ ऑगस्ट २००८
फळ्यावर नुसती तारीख लिहिली आणि धाप लागली! पोरं म्हणाली, "बाई, बसून शिकवा." बसले.
रक्ताच्या कॅन्सरची गोळी दोन वर्षांपासून तूरडाळीच्या डब्यात लपलेली. घरात फक्त ह्यांना माहीत. बेबीनंदाचं लग्न होईपर्यंत ब्र काढायचा नाही — कॅन्सरवालीची पोर कोण करून घेतं?

७ ऑगस्ट
आडवं झालं की गुदमरतं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी.

९ ऑगस्ट
गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. डाव्या बाजूला पाणी! "बाई, हे टीबीचं दिसून राह्यलं. दुसरी कोणती गोळी चालू हाये का?"
बाकावर शेजारची साळूबाई, कान टवकारून. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.
"न्हाई," मी म्हणाले. टीबी परवडला. सहा महिने नावं ठेवतील, मग विसरतील. टीबीची लाल गोळी सुरू.

१४ सप्टेंबर
श्वास मोकळा! काल अख्खा फळा लिहिला. अंबडचे पाहुणे बेबीनंदाला बघून गेले — पसंत! मुलगा जालन्याला, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत. हे म्हणाले, "पाह्यलं? तोंड बंद ठेवलं, बराबर झालं." रागच आला. तरी हसले.

१२ नोव्हेंबर
औरंगाबादला तपासणी. पेशी पुन्हा वाढल्यात.
तिथल्या डॉक्टरांनी टीबीची लाल गोळी हातात धरली. "ही कधीपासून?" टीबी नव्हताच. पाणी केलं ते कॅन्सरच्याच गोळीनं. लाल गोळीनं तिचा जोर मोडला, म्हणून श्वास सुटला, आणि म्हणूनच रोग उठला.
आता लाल बंद. जुनी चालूच, थोडी कमी. पाणी भरलं की सुईनं काढायचं. घेतली तर छाती भरते, सोडली तर रक्त नासतं — इकडे आड, तिकडे विहीर! गावच्या डॉक्टरांना काय बोल लावू? त्यांनी विचारलं होतं. पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मीच खोटं बोलले. फार भीती वाटते.

१५ नोव्हेंबर
बेबीनंदाला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "आई, डब्यातून रोज डाळ मीच काढते ना? पाहायला आल्ते तवाच मी त्या पोराला सांगितल्तं. मंगच त्यांनी पसंत म्हणलं."