ताईचा ट्रक, धाकट्याचा काटा

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सर्दी गेली का? करसमिती सोमवारी तुमच्या मालधक्क्यावर येतेय. तुम्ही रेल्वेवाले ओरडता की ट्रक ठासून भरतात, रस्ते उखडतात आणि वर तुमचं गिऱ्हाईक पळवतात. म्हणून एक ट्रक तुझ्या वजनकाट्यावर चढवून बघणार. वजन जादा निघालं तर सगळ्या ट्रकांवर सरसकट दुप्पट कर. आमच्या संघटनेने मुद्दाम माझाच ट्रक पुढे केलाय. काट्यावर सख्खा भाऊ असताना दुसऱ्याचा देतील कशाला?

तुझे भाऊजी गेल्यावर हे ट्रक मी कसे चालवले, तू पाहिलंयस. दुप्पट कर बसला तर सगळे विकावे लागतील. कापडाचे गठ्ठे थोडे जास्त आहेत. तेवढं सांभाळून घे.

लोभ आहेच, तो सोमवारीही राहू दे.
ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

सर्दी गेली, झोपही गेली. काल साहेबांनी बोलावून सुचवलं, काटा जरा जड दाखव, बढती तुझीच. तू म्हणतेस हलका दाखव. इकडे आड, तिकडे विहीर.

ताई, रेल्वे आपले रूळ स्वतः घालते, स्वतः दुरुस्त करते. तुमचा रस्ता सगळ्यांच्या पैशाने होतो. जो जास्त झिजवतो त्याने जास्त द्यायला नको? पण हलक्या ट्रकालाही तोच कर लावणं अन्यायच, हे मी साहेबांनाही ऐकवलं. काटा दाखवेल तेच मी सांगणार. हवं तर लहानपणासारखा कान पीळ, पण हे मागू नकोस.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
धाकटा

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

वजन नियमात बसलं! मी आकडा मोठ्याने सांगितला आणि कोणी विश्वासच ठेवेना. साहेब सर्वांदेखत म्हणाले की बहिणीसाठी काटा फिरवला. मला निलंबित केलंय. तुमच्या संघटनेचा अध्यक्ष जाताना डोळा मारून गेला, ते जास्त लागलं.

जादा गठ्ठे गेले कुठे? मला तरी खरं सांग.

तुझाच,
धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गठ्ठे मीच उतरवले. तुझं आधीचं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला होता. मग वाटलं, ट्रक गेले तर गेले, तुला खोटं बोलायला लावलं तर तो भाऊ मी परत कुठून आणू?

तो ट्रक रिकामा केलेला नाही. काट्यावरून उतरला तसाच आणून समितीच्या कचेरीच्या फाटकात आडवा लावलाय. माल अडकला म्हणून कापडाचा व्यापारी शिव्या घालतोय, संघटनेने मला काढून टाकलं. समितीला सांगितलं, रोज मी इतका बेताने भरत नाही, जास्त भरेन तेव्हा जास्त कर घ्या, माझी ना नाही. पण हा ट्रक कुठल्याही काट्यावर तोला, आणि भावाचा आकडा खरा निघाला तर तसं चारचौघांत म्हणा. हवालदाराने हलवायला सांगितलं, मी केबिनमधून उतरले नाही.

आत्ताच निरोप आला, गिरणीच्या काट्यावर तोलणार. हे पत्र हमालाच्या हाती धाडतेय. लगेच निघ. माझ्या शेजारी बसू नकोस, वजन वाढेल. गिरणीच्या दाराशी उभा राहा, मान वर करून.

वाट बघतेय.
तुझी ताई